तीन टापांची घोडी

सरका, सरका जवळ. शेकोटीत लाकूड घाल रं कुनीतरी. आन् ऐका. मधी बोलायचं न्हाई.

आपल्या गावात बक्शूभाई नालबंद व्हता. बैलाच्या, घोड्याच्या पायाला नाल ठोकनारा. लई हलक्या हाताचा मानूस. त्येनं सोत्ता मला सांगितलेलं हाय ह्ये.

एकदा त्यो वरच्या वाडीला बैलं नालायला गेला. काम उरकंस्तवर दिवस बुडाला. लोक म्हनलं, "ऱ्हावा की रातीचं." पर ह्यो कसला ऱ्हातोय! घरात बायको जैनब, दिवस भरलेली. लगीन होऊन पंधरा वर्सं, तवा कुठं पाळना हालनार व्हता. हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आन् निघाला रणमाळाच्या वाटंनं. तीच जवळची न्हवं!

रणमाळ ठावं हाय ना? आज्याच्या आज्याच्या येळंला तिथं लढाई झाली. अजून नांगराला घोड्याची हाडं लागत्यात. माळ सरला की वढा, वढ्यापल्याड आपलं गाव.

त्यो वढ्यावर आला, तर पानी! वर कुठंतरी धोधो पडला आसनार. छातीएवढं, गढूळ, गरगरनारं पानी. काय करनार? बाभळीखाली घोंगडी हातरली, काटक्या पेटवल्या, बसला एकटाच. "अल्ला, सकाळपातूर सांभाळ तिला," म्हनला.

मध्यानरात झाली. आन् आवाज आला. टाप... टाप... टाप. मग गप. पुन्ना टाप... टाप... टाप. चौथी न्हाईच! दुसरा आसता तर पळाला आसता. पर ह्यो नालबंद. मनात म्हनला, घोडं लंगडतंय.

त्येनं वळून बगितलं, तर माळावर शेकोट्या! एक, दोन, धा, शंभर! घोडी फुरफुरतायत, मानसं खोकतायत, आन् दिसत कुनीच न्हाई. वारं न्हाई, काय न्हाई, आन् त्येच्या म्होरला जाळ भुईसपाट वाकला. अंगावर सर्रकन काटा!

जाळ उठला, तर म्होरं पोरगा हुबा. ईस-बावीस वर्साचा. हातात घोडीचा लगाम. आन् जाळाचा उजेड त्येच्या आरपार चाललेला!

"मामा," पोरगा म्हनला, "घोडीचा नाल पडलाय. मारून द्या. घरला जायचंय. आई वाट बघतीया."

आता सांगा, कवाची लढाई, कवाचा पोरगा! ती माय कवाच मातीला मिळाली आसंल. बक्शूभाईच्या व्हटावर आलं व्हतं. पर त्येनं त्ये गिळलं. त्येनं घोडीचा पाय मांडीवर घेतला. हिरीच्या तळासारखा गार पाय! पर खिळा वाकडा जाऊ दिला न्हाई. हातोडा पडत व्हता, आवाज न्हाई. घोडीनं त्येच्या मानंवर उसासा सोडला, त्योबी गार.

नाल बसला. पोरगा लहान लेकरावानी हासला. टांग मारून वर बसला आन् हात म्होरं केला. "मामा, तुमालाबी घरला जायचंय न्हवं? बसा मागं. वढा वलांडून देतो."

भुलला की बक्शूभाई! जैनब दिसली डोळ्याम्होरं. हातात हात दिला. एक पाय रिकिबीत घातला. आन् त्येच्या ध्यानात आलं, आपल्या छातीत धडधड होत न्हाई. काळीज थांबलंय!

"सोड पोरा!" हात सुटंना. वडतोय, वडतोय, सुटंना! पोरगा रडकुंडीला आला. "मामा, येकट्याला भ्या वाटतंय."

बक्शूभाईच्या डोळ्याला पानी आलं. म्हनला, "लेकरा, तुझी आई उंबऱ्यात बसलीया. दिवा इझू दिला न्हाई तिनं. माझं लेकरू अजून जन्माला यायचंय. त्येनं कुनाची वाट बगायची? जा. घोडीला वाट ठावं हाय."

पोरग्यानं डोळं पुसलं. मग हात सुटला, आन् बक्शूभाईच्या छातीत पुन्ना धडधडाया लागलं. टाप, टाप, टाप, टाप! चारी पाय वाजत घोडी गेली, आन् शेकोट्या फटाफट इझल्या.

पहाटं पानी उतरलं. बक्शूभाई धावत घरला आला, तर दारातच लेकीचं रडनं ऐकू आलं. पोरग्यानं धरलेल्या त्येच्या उजव्या हाताची दोन बोटं मातर मरंस्तवर गारच ऱ्हायली. लेकीला ताप आला की तीच बोटं कपाळावर ठेवायचा. पोरगी निवांत झोपायची. मग गावातल्या बायाबी आपली तापाची पोरं घेऊन त्येच्याकडं याया लागल्या. मलाबी माझ्या आईनं न्हेलं व्हतं. अजून त्यो गारवा आठवतो.

तवा सांगतो, ऐका. रातीचं त्या माळानं जायचं न्हाई. त्यो पोरगा वाईट न्हवता, बाबांनो. पर त्यो येकटाच घरला गेला. बाकीच्या शेकोट्या कुनाच्या व्हत्या? ती समदी अजून तिथंच बसल्यात, आन् त्यास्नीबी येकट्याला भ्या वाटतंय.