बजेटच्या संध्याकाळी शेजाऱ्याचं विचारा

मालतीवहिनी, अध्यक्ष महाशय आणि जमलेले सगळे,

शुक्रवार, आठ फेब्रुवारी, दुपारचे चार. आपल्या या वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लागली. यंदा बजेटची संध्याकाळ होणार नाही. त्या दिवशी सभागृह एका गुंतवणूक योजनेच्या माहितीसाठी दिलं आहे. अल्पोपाहाराची सोय आहे.

वसंतरावांना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. तीन दिवस! मालतीवहिनी, तुमच्या घरी त्यांचा दिवा अजून तेवत होता.

मला आज या शोकसभेत त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं आहे, आणि ते फार अवघड जातं आहे. त्यात दुःख किती आणि राग किती, मला सांगता येत नाही. तेव्हा दोन्ही ऐकून घ्या.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. वसंतराव कर सल्लागार होते. रविवार कारंज्याजवळ जिन्याखाली त्यांचं ऑफिस. लोकांची रिटर्न भरून देणं हे पोटापाण्याचं काम. पण बजेटच्या दिवशी ते इथे यायचे, या टेबलामागे उभे राहायचे आणि दिल्लीत जे मांडलं गेलं ते आपल्याला समजावून सांगायचे. पूर्वी बजेट संध्याकाळी पाचला यायचं, पुढे ते सकाळी अकराला यायला लागलं. कुणीतरी सुचवलं, आपणही दुपारीच जमू. वसंतराव म्हणाले, अकराला गिळलेलं संध्याकाळपर्यंत पचू द्या, मग बोला. टीव्हीवर पाच मिनिटांत मत देणाऱ्यांना ते 'न चावता जेवणारे' म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. या संध्याकाळी स्वतःबद्दल विचारायचं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाबद्दल विचारायचं.

पहिल्या वर्षी मला हे कुठे माहीत? मी टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकतीच निवृत्त झालेली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवलं होतं, उभं राहा, नाव सांगा, आपलं म्हणणं स्वच्छ मांडा. मी उभी राहिले, नाव सांगितलं, एक्स्चेंजमधली म्हणून सांगितलं आणि माझ्या पेन्शनचं काय, असं विचारलं. वसंतराव चष्म्यावरून बघत म्हणाले,

"टेलिफोनबाई, खाली बसा. आधी शेजाऱ्याचा नंबर लावा."

लोक हसले. मी म्हटलं, ही काय दादागिरी? मी कर भरते, मला विचारायचा हक्क आहे. ते म्हणाले, हक्क आहेच, उद्या ऑफिसात या, चहा पाजतो. पण इथे नाही. कर हा एकट्याचा नसतो, म्हणून त्याची चर्चाही एकट्याची नसते.

रागारागाने मी शेजारी पाहिलं. तिथे काशिनाथ बसलेले. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. ते आज इथे आहेत, तिसऱ्या रांगेत. मी विचारलं, तुम्हाला काय अडचण? ते म्हणाले, घरात फोन हाय, म्हणून रिटर्न भरा म्हणत्यात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाय, पण फोनवर हाय का?

मंडळी, आठवतो का तो नियम? घरी फोन असेल तर कमाई कितीही असो, रिटर्न भरा. मी जन्मभर त्याच फोनच्या अर्जांच्या थप्प्या पाहिलेल्या. वर्षानुवर्षं रांगेत थांबून माणसाला फोन मिळायचा. तो श्रीमंतीचा पुरावा कसा? मी पुन्हा उभी राहिले, आणि या वेळी काशिनाथांसाठी भांडले. वसंतराव खूश. म्हणाले, आता कसा आवाज लागला! मग त्यांनी सरकारला जे सुनावलं ते ऐकण्यासारखं होतं. म्हणाले, ज्या यंत्रावर माणूस उधारी मागतो, तेच यंत्र बघून याला श्रीमंत ठरवता?

पुढे काही वर्षांनी एका बजेटमध्ये फोनची अट गेली. त्याच बजेटमध्ये आम्हा पेन्शनवाल्यांची प्रमाणित वजावटही, पेन्शनमधली ती ठरावीक करमाफ रक्कम, गेली. मी दिवसभर घाबरलेली. माझं घर एकटीचं, मिळकत एकच. संध्याकाळी इथे बसले, पण विचारणार कसं? नियम होता ना.

काशिनाथ उभे राहिले. त्या दिवशी त्यांची सुटका झाली होती, पेढे वाटायचे सोडून ते म्हणाले,

"वसंतराव, आमच्या म्याडमची वजावट गेली म्हणं. त्यांचं कसं व्हईल?"

माझी परिस्थिती मी कधी कुणाला सांगितली नव्हती. वसंतराव माझ्याकडे न बघता सगळ्या सभागृहाला म्हणाले, वजावट काढणं चूकच, निवृत्त माणसाला गृहीत धरतात. पण करमुक्त मर्यादा वाढली आहे आणि बायकांसाठी ती आणखी वर ठेवली आहे. म्याडमनी आज शांत झोपावं.

मी झोपले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी माझ्यासाठी प्रश्न विचारला, तो त्या दिवशी.

आता अध्यक्ष महाशय, तुमच्याशी बोलते. तुम्ही मला परवा म्हणालात, सांगणारा माणूसच गेला, आता कार्यक्रम कसला? अहो, सांगणारे मिळतील. नाशकात कर सल्लागार थोडे नाहीत. पण शेजाऱ्यासाठी उभी राहणारी माणसं एकदा पांगली की परत कुठून आणणार? ती गुंतवणूक योजना येऊन प्रत्येकाला एकच विचारणार, तुमचा फायदा किती. तेवढ्यासाठी ही जागा द्यायची?

बजेट एकोणतीस तारखेला आहे. त्या संध्याकाळी हे सभागृह आम्हाला मिळणार की नाही, याचं उत्तर मला तेवीस फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी पाचपर्यंत हवं. लेखी. तोंडी उत्तर वसंतरावांनी कधी कुणाकडून घेतलं नाही, मीही घेणार नाही. अल्पोपाहार नको. खुर्च्या आम्ही मांडू.

मालतीवहिनी, तुम्ही त्या दिवशी यायचं. माझ्या शेजारी बसायचं. तुमच्यासाठी मी विचारीन.

आता सगळे उभे राहू या, दोन मिनिटं. वसंतरावांचा नियम इथेही पाळा. या शांततेत स्वतःचं काही आठवू नका. शेजारी कोण उभं आहे ते पाहा, आणि त्याचं मनात आणा.