एक बूट इकडे, एक तिकडे

सुधीर चिडेल, पण सांगतेच. सत्त्याऐंशी साली आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेतल्या श्रूजबरीहून ग्रीसच्या क्रीट बेटावर फिरायला गेलो होतो. सकाळी एक जुनं चर्च पाहायला गेलो, तर हा दारातच बूट काढायला लागला.

मी म्हटलं, "अरे, इथे काढत नाहीत."

"देवाचं घर आहे ना?" असं म्हणून त्यानं एक बूट दाराच्या डावीकडे ठेवला, दुसरा पार उजवीकडे. बूट नवे कोरे होते ना, चोराला जोडी मिळायला नको. दहा वर्षं अमेरिकेत काढली, पण देवळातली ही सवय काही सुटली नाही.

मागून अमेरिकन टूरिस्टांची बस आली. त्यांनी सुधीरचे बूट पाहून निमूटपणे तसंच केलं. बाहेर येऊन बघतो तर चाळीस जण मोज्यांवर उभे, आपापला दुसरा बूट शोधतायत. त्या गोंधळात सुधीरचे बूट शोधून आम्ही जेवायला पोचेपर्यंत मासळी संपली होती. पाव आणि ऑलिव्हवर भागवलं.

संध्याकाळी परत तिथूनच जात होतो, तर दुसरी बस उभी. त्यांची गाइड सांगत होती, "एक बूट इकडे, एक तिकडे. हजार वर्षांची प्रथा आहे."

मी सुधीरकडे पाहिलं. तो वाकून लेस सोडत होता.