बंधूकडून

हंबीरराव : हा तांब्या वाचतो, ऐक. 'आईचे स्मरणार्थ, गोदूस.' तुमच्या खडकवाडीचाच माल आहे हा, मने. गोदू म्हणजे कोण गं? ओळखीची निघते का बघ.

मनुबाई : दादा, मी पोरीच्या लग्नाचं सांगाय आली हाय. एस्टीतनं उतरल्यापास्नं पाणीबी प्याली न्हाई.

शालूबाई : देते वन्सं. कपात चालंल न्हवं? आमच्याकडं फळीभर तांबे हायेत, पण पाणी प्यायचं कपातनं. तांब्याला बोट लागलं की आमचे हवालदार आरडतात.

हंबीरराव : बोट लागलं की डाग पडतो. एकेकाला चिंचेनं घासून रांगेत फालिन केलंय. उद्या साताऱ्याला जायचेत. वाचनालयात छंदांचं प्रदर्शन आहे. शांतिनाथशेठच्या काड्यापेट्या, पायगोंडाअण्णांची कुलपं आणि आपले नाव घातलेले तांबे.

शालूबाई : अण्णांच्या कुलपांस्नी किल्ल्या न्हाईत, शेठच्या पेट्यांत काड्या न्हाईत, आमच्या तांब्यांत पाणी न्हाई. तिघं एका जागी बसले म्हंजे बघायचं. रिकाम्या भांड्याचा आवाज.

हंबीरराव : तुला नाही कळायचं. फौजेत आमच्या ताटावर, मगावर नंबर असायचा. हाकही नंबरानंच मारायचे. पेन्शन घेऊन आलो आणि पहिल्यांदा मोडीच्या ढिगात नाव घातलेला तांब्या दिसला, तेव्हा हात थांबला. घरात ही नावं कोण वाचतं? पाणी पितात आणि पालथा घालतात. मी वाचतो.

मनुबाई : वाचतोस आनि हसतोस.

हंबीरराव : हसू नको तर सलाम ठोकू? आईच्या आठवणीचा तांब्या, आणि ही गोदू तो मोडवाल्याच्या तराजूत टाकते.

मनुबाई : गोदू माझी चुलत जाऊ. दुष्काळात माझ्या शेजारी खडी फोडाय बसायची.

हंबीरराव : दुष्काळाचं तर विचारू नको. काय माल आला त्या साली! मी दर रविवारी मोडवाल्याच्या दारात. पोतं उलटं केलं की निवडायचं. मी नसतो तर सगळं भट्टीत वितळलं असतं.

मनुबाई : दर आइतवारी?

हंबीरराव : एक चुकवला नाही.

मनुबाई : खडकवाडीला मातर यायला जमलं न्हाई तुला.

हंबीरराव : पाव्हण्यांना पत्र घातलं होतं की. 'सर्व खुशाल' म्हणून उत्तर आलं.

मनुबाई : दुसरं काय लिवायचं हुतं त्येंनी?

शालूबाई : मी म्हणत हुते, एकदा जाऊन या. तर म्हणाले, रविवारी नवीन पोतं सुटणार हाय.

हंबीरराव : तू मधे बोलू नको.

मनुबाई : दादा, ह्या तांब्यांच्या गळ्यात कागूद कसला बांधलाय?

हंबीरराव : कार्ड. बघणाऱ्याला कळायला नको? 'दुष्काळात मोडीत आलेला तांब्या. मुक्काम खडकवाडी, तालुका माण.' मोडवाल्याच्या डोक्यावर बसून गाव काढून घेतलंय. असं काम शांतिनाथशेठनंही केलेलं नाही.

मनुबाई : ही समदी साताऱ्यात लावणार?

हंबीरराव : दारातनं आत आलं की समोर.

मनुबाई : पोर साताऱ्यात दिलीया मी. व्याही आकाराम मास्तर. रोज त्याच वाचनालयात पेपर वाचाय जात्यात. त्येंची बायकू घर बघाय आली, तवा आमची मांडणी मोकळी हुती. मी शेजारपाजारची भांडी उसनी आणून लावली. ती जेवून गेली आनि मी रातोरात परत दिली. कागदं काढ दादा. गाव वाचलं की इहीण इचारणार.

हंबीरराव : कार्ड काढलं तर भांड्याचं दुकान उरतं नुसतं. आणि तू कशाला घाबरतेस? मोड घातली गोदूनं. तुझं नाव आहे का त्यात कुठं?

मनुबाई : मला वाचता येत न्हाई. तू सांग.

हंबीरराव : नाही. सगळी नावं पाठ आहेत मला. हां, आता हा बघ. हा माझा लाडका, सगळ्यात पुढं ठेवणार. 'अंबूस बंधूकडून.' संपलं. पुढं काही नाही. काय भाऊ म्हणायचा! बहिणीच्या लग्नात तांब्या दिला आणि स्वतःचं नाव घालायला हात आखडला. आणि बहिणीनं तर त्याच्यावर कडी केली. भावाची भेट विकून खाल्ली.

शालूबाई : भांडं हरवू नये म्हणून त्याच्यावर नाव घालतात. ह्यांनी ते लोकास्नी नावं ठेवायला ठेवलंय.

मनुबाई : त्येच्या काठाशी पोचा असंल बघ. आंगठा बसंल एवढा.

हंबीरराव : आहे. प्रदर्शनाआधी ठोकून काढणार होतो. तुला इथनं दिसला?

मनुबाई : आल्या आल्या दिसला. पोरगी रांगत हुती, तवा उंबऱ्यावर आपटला तिनं.

हंबीरराव : कुणाची पोरगी?

मनुबाई : दादा, माझं नाव काय?

हंबीरराव : काय विचारतेस, मनू.

मनुबाई : ते म्हायेरचं. सासरचं काय?

हंबीरराव : सासरचं... पाव्हणे काय म्हणतात तुला?

मनुबाई : पाव्हणं 'अगं' म्हणत्यात. बायकूचं नाव कोण घेतंय आमच्यात?

शालूबाई : आनि मी मेली जल्मभर वन्सं वन्सं करत बसले. काय नाव वन्सं?

मनुबाई : ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं हुतं लग्नात. अंबू. दादा तवा काश्मीरला. त्येच्या मनीऑर्डरीतनं आमच्या आबांनी तांब्या घेतला आनि नाव घालणाऱ्याकडं नेला. त्यो अक्षरामागं पैसं घ्यायचा. 'हंबीररावकडून' लय लांब हुईत हुतं. आबा म्हणालं, बंधू म्हंजी त्योच की, पोरीला काय ठावं न्हाई व्हय? पोरीला ठावं हुतं. तुलाच न्हवतं.

हंबीरराव : मने, एक ओळ टाकायची होतीस मला.

मनुबाई : कशाला? तू मोडवाल्याच्या दारात हुतास न्हवं? माझा तांब्या आला की तुझ्याकडं. त्यालाच इचारायचं हुतंस.

हंबीरराव : मला काय माहीत...

मनुबाई : भाव बी चांगला न्हाई दिला मोडवाल्यानं. पोचा हाय म्हणाला. जवारी आली तेवढ्यात. जिनं पोचा पाडला तिनंच भाकरी खाल्ली. आता इकून खाल्ली म्हण, न्हाईतर कागदावर लिव.

(शालूबाई उठून तो तांब्या हंबीररावांच्या हातातून घेतात, आत जाऊन पाण्यानं भरून आणतात.)

शालूबाई : घ्या वन्सं. पाणी.

मनुबाई : डाग पडंल वैनी.

हंबीरराव : पडू दे.

मनुबाई : गार हाय. ह्यातलं पाणी पयल्यापास्नं गारच असायचं.

हंबीरराव : शालू, ती कात्री दे इकडं. कार्डं कापतो.

शालूबाई : आनि उद्या टेम्पो आला की?

हंबीरराव : परत धाडायचा. शांतिनाथशेठला म्हणावं, काड्यापेट्या मांड पुढं.

मनुबाई : माझं एकटीचं नगं. गोदूचंबी काप.

हंबीरराव : सगळी कापतो. आणि हा तांब्या तू घेऊन जा.

मनुबाई : इकलेलं परत घरात घेत न्हाई मी.

हंबीरराव : मग मी पोरीला देतो. मामाचा म्हणून. पोचा असू दे तसाच. खाली तिचं नाव घालून आणतो, आणि माझंही, पुरं. काय ठरलंय तिचं सासरचं नाव?

मनुबाई : आजून ठरलं न्हाई. ठरलं की पाव्हणं पत्र घालतील.

हंबीरराव : पत्र नको. येत्या रविवारी मीच येतो खडकवाडीला विचारायला.

मनुबाई : ये. स्टँडवर जाताना मोडवाल्याचं दुकान लागतंय. तितं थांबू नगंस.