शालीतला बर्फ

(शाळेची प्रयोगशाळा, मधली सुट्टी. कोपऱ्यातला जुना फ्रिज भिंतीपासून पुढे ओढलेला.)

मेकॅनिक : ...गॅस मुळीच संपलेला नाही बाई, दाराचं रबर फाटलंय. दमट हवा आत शिरते, कॉइलवर बर्फ साचतो आणि बाटल्या राहतात कोमट.

बाई : आधीचा माणूस म्हणाला, गॅसच भरावा लागेल.

मेकॅनिक : रोग रेड्याला, औषध पखालीला! तुम्ही बसा बघू. कधीपासून तो कागद घेऊन फेऱ्या मारताय.

बाई : मुख्याध्यापिकांना द्यायचाय, सुट्टी संपायच्या आत. अगं, पण थांब... तू आमची वकीलसाहेब ना? तिसऱ्या बाकावरची?

मेकॅनिक : ओळखलंत! मला वाटलं, टोपीत नाही ओळखणार.

बाई : तोंड बंद ठेवलं असतंस तर नसतंच ओळखलं. किती भांडायचीस!

मेकॅनिक : भांडायला तुम्हीच लावायचात. शुक्रवारचा वादाचा तास. अर्धा वर्ग या भिंतीला, अर्धा त्या भिंतीला. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं, तो 'हो, हेच' म्हणाला तरच पुढे बोलायचं. आणि मग तुमची टाळी, 'बाजू बदला!'

बाई : तोच तास बंद करायचं पत्र आहे हे.

मेकॅनिक : कोण करतंय बंद?

बाई : मीच. सही तेवढी राहिलीये.

मेकॅनिक : बाई!

बाई : ओरडू नकोस. गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाचे वडील आले होते. शुक्रवारी त्याच्या वाट्याला बाजू आली, 'जड वस्तू आधी खाली पडते.' पोरगं जीव तोडून बोललं आणि परीक्षेत तेच लिहून आलं. वडील ओरडले, त्याचं काही नाही. पण पोरगं रडत म्हणालं, 'बाई, तुम्हीच तर शाबासकी दिलीत.' तेव्हापासून झोप नाही गं मला. आपण मुलांना चुकीचं शिकवत आलो की काय इतकी वर्षं?

मेकॅनिक : मलाही चुकीचीच बाजू दिली होतीत. 'शाल गरम असते.' तुमची लाल शाल, आठवते?

बाई : तिच्यावर त्या बर्फाच्या पाण्याचा डाग आहे अजून.

मेकॅनिक : बर्फाचा एक तुकडा शालीत, एक ताटलीत. मी छातीठोक सांगितलं, शालीतला आधी वितळणार, नाहीतर आम्ही थंडीत ती पांघरतो कशाला! तास संपताना ताटलीत पाणी आणि शालीत बर्फ जवळजवळ तसाच. सगळे फिदीफिदी हसले. मला वाटलं, धरणी दुभंगावी.

बाई : तू मुसमुसत होतीस.

मेकॅनिक : आणि तुम्ही टाळी वाजवलीत. बाजू बदलून, नाक पुसत पुसत मीच वर्गाला सांगितलं की शाल ऊब देत नाही, ती नुसती वाट अडवते. अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, बाहेरची आत येऊ देत नाही.

बाई : ते वाक्य मी नंतर दरवर्षी वापरलं. तुझंच ते.

मेकॅनिक : आता ऐका. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातला लशींचा फ्रिज थंड होईना. उस्ताद म्हणाले, गॅस गेला, उद्या भरू. मीही मान डोलावली. बाहेर बाळांना घेऊन आया रांगेत बसलेल्या. आणि कानात तुमची टाळी वाजली, खोटं नाही सांगत. म्हटलं, बाजू बदलू. समजा गॅस आहे. मग थंडी पोचत का नाही? फ्रिजच्या आतलं मागचं झाकण उघडलं, तर कॉइलवर वीतभर बर्फ!

बाई : बर्फानेच वाट अडवली?

मेकॅनिक : बर्फाचीच शाल! लशी दुसऱ्या पेटीत हलवल्या, बर्फ वितळवला, तासाभरात फ्रिज सुरू. एकही लस वाया गेली नाही. उस्तादांनी पाठ थोपटली. ती थाप तुमची होती बाई. आभार मानायचे राहिले होते. आज शाळेचा फोन आला तेव्हा दुसऱ्या कुणाला पाठवलंच नाही.

बाई : ...चष्मा कुठे ठेवला मी?

मेकॅनिक : डोळ्यांवरच आहे. पुसा आणि या त्या भिंतीला.

बाई : आता हे काय?

मेकॅनिक : नियम म्हणजे नियम. तुमचं म्हणणं असं : तासामुळे कच्च्या पोरांच्या डोक्यात चुकीचं घट्ट बसतं, परीक्षेत त्यांचं नुकसान होतं, आणि एक जरी पोर आपल्यामुळे रडलं तरी ते आपल्याला झेपत नाही. बरोबर?

बाई : हो. हेच.

मेकॅनिक : मग बाजू बदला. तास का चालू राहावा, ते आता तुम्ही सांगा.

बाई : अगं, घंटा होईल...

मेकॅनिक : बाई.

बाई : बरं. तास राहावा, कारण... चूक मनात असतेच. मी फक्त ती बोलायला लावते. न बोललेली चूक पुसणार कशी? तुझी त्या दिवशी सर्वांसमोर... थांब. त्या मुलाने... अगं बाई!

मेकॅनिक : काय झालं?

बाई : त्याने बाजू बदललीच नाही! तुमच्या वेळी दोन तास सलग असायचे. यंदा वेळापत्रकात एकच उरला. त्या शुक्रवारी तो बोलला, मी शाबासकी दिली आणि घंटा झाली. पुढच्या शुक्रवारी पाहुणे आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात परीक्षा. पोरगं त्याच भिंतीला उभं राहिलं गं. मीच त्याला तिथे विसरले.

मेकॅनिक : मग औषध कुणाला द्यायचं? रेड्याला की पखालीला?

बाई : वकीलसाहेब, तोंड आवरा.

शिपाईमामा : बाई, येऊ का? मोठ्या बाई विचारतायत, तो कागद झाला का?

बाई : कागद नाही मामा, मीच येते म्हणावं. सलग दोन तास मागायला. पण वाटेत सातवीत जायचंय, एका मुलाला भिंत बदलून द्यायचीये.

शिपाईमामा : मोठ्या बाई ऐकतील? त्यांचं मत पक्कं असतं.

बाई : आधी त्यांचं म्हणणं मी सांगेन. त्या 'हो, हेच' म्हणाल्या, की मग माझं.

शिपाईमामा : म्हणजे वेळ लागणार.

बाई : लागू दे. आणि मामा, हिला चहा सांगा. मला जरा उशीर होईल, पण हिला म्हणावं, जाऊ नकोस.