काटकसरीची माळ

...आता तुमीच सांगा, जत्रंला गेलेल्या पाव्हण्याच्या ताटात भेंडी वाढत्यात का? आवं, भेंडी! खाऱ्या दिवशी, ज्या दिवशी आख्ख्या गावात मटणाशिवाय चूल पेटत न्हाई त्या दिवशी, मी शिरवळास्नं बिनपगारी रजा टाकून, फटफटीवर मागं बायकू आन पिशवीत नारळ घिऊन, सख्ख्या थोरल्या भणीच्या दारात जातो, हातपाय धुतो, मांडी घालून बसतो, आन ताट येतं तर भेंडी, आमटी आन भात. रस्सा कुठाय म्हणून मान वर करतो तर आमचं दाजी समोर हात जोडून हुबं, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आन मला म्हणत्यात, "सावकाश जेवा, माऊली." माऊली? गेल्या साली ह्योच माणूस माझ्या ताटात नळी टाकताना म्हणला हुता, "उदयसिंह, लाजू नगंस रं, बोकड आपलंच हाय." तुमाला सांगतो, दाजी म्हंजे दाजीच.

तसं माझं काय म्हणणं न्हाई. म्हंजे हाय, पर बोलायचं कुणाला? भणीचा नवरा, त्यात फौजेतनं हवालदार होऊन आलेला. तवा मी गप भेंडी खाल्ली, आन नंतर परड्यात अक्काला गाठून सगळं खोदून खोदून इचारलं. ती सांगता सांगता हसाय लागली, मंग डोळं पुसाय लागली, मंग पुन्यांदा हसाय लागली. तिनं जे सांगितलं आन मी जे डोळ्यानं बघितलं, त्येच तुमाला सांगतो.

दाजींचं नाव कृष्णात. पेन्शन येती, आन वर सांगलीत हळदीच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून दोन पैसं मिळत हुतं. यंदा बाजाराला उठाव न्हाई. पोती जाग्यावर, मालक तोंड पाडून, आन राखणीला यवढी माणसं कशाला म्हणून त्यानं एक कमी केला. कुठला? आमचाच. उठाव तर कुठंच न्हाई म्हणा, आमच्या कंपनीत ओव्हरटाईम बंद झालाय, कँटीनचा वडा लिंबायवढा झालाय, सायब म्हणतो मार्केट डाऊन हाय. आवं, मार्केट डाऊन हाय तर गोडं त्याल कशापायी वर चाललंय, ह्ये कोण सांगत न्हाई... आसू द्या. तर दाजींची थोरली लेक सृष्टी, सांगलीला नर्सिंगच्या पैल्या वर्षाला. लय हुशार पोरगी. त्यांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पैलीच. तिच्या फीचा दुसरा हप्ता जत्रंनंतरच्या सोमवारी भरायचा, न्हाईतर परीक्षेला बसू देत न्हाईत. त्यो हप्ता दाजींनी कसाबसा जमवला, पाकिटात घातला, पाकीट कपाटात अक्काच्या शालूखाली ठेवलं आन घरात हुकूम काढला, "आभाळ कोसळलं तरी ह्या पाकिटाला हात लावायचा न्हाई."

आन मंग सुरू झाली काटकसर. साधी न्हाई, फौजी. चहाच्या पावडरीचा डबा दाजींच्या ताब्यात. अक्कानं मागायचं, ह्येंनी चमचा मोजून द्यायचा. टूथपेस्ट संपली की नळी कात्रीनं उभी चिरायची, मंग आणखी आठवडा. पंखा एकच लावायचा आन सगळ्यांनी त्याच्याखाली रांगंत झोपायचं, एकदम कडंला दाजी, कारण कडंला वारं येत न्हाई आन मोठ्या माणसानं त्रास सोसायचा आसतो. टीव्हीचा रिचार्ज बंद. मंग बातम्या? शेजारी नेमिनाथ पाटील, जैन माणूस, दाजींचा शाळंपासनचा दोस्त, त्याच्या खिडकीखाली खुर्ची टाकून आयकायच्या. नेमिनाथाच्या ध्यानात आलं तसं त्यानं बिचाऱ्यानं आवाज वाढवला, तर ह्येंनीच बाहीरनं सांगितलं, "नेमा, च्यानल बदल रं, ह्यो लय वरडतो." फुकट आयकायचं ते आयकायचं, वर पसंती. दाजी म्हंजे दाजीच.

सगळं निभावलं, पर जत्रा आली तोंडावर. आता आमच्याकडची जत्रा तुमाला म्हायती न्हाई आसं न्हाई. आवतण द्यायचं नसतं. पाव्हणा येतो, पाव्हण्याचा पाव्हणा येतो, त्याला गाडीवर सोडाय आलेला येतो, आन दारात आलेला जेवल्याबिगर गेला तर इज्जत गेली. गेल्या साली दाजींनी स्वोता रस्त्यावर एकाला धरून आणला, दोनदा रस्सा वाढला, पान दिलं, आन शेवटाला कळलं की त्यो पंक्चरचं दुकान कुठं हाय म्हणून इचारत हुता. हौस माणसाला लय. पर मटणाचा भाव आता आसा झालाय की खाटकाच्या दुकानावर नुसतं बघून यावं. दाजींनी मनात हिशोब मांडला. यवढं पाव्हणं, यवढं मटण, वर खोबरं, मसाला, भाकरीचं पीठ... आन सगळा हिशोब जाऊन थांबला शालूखाली.

अक्का म्हणली, "आवं, कुलूप लावून माझ्या म्हायेरी जाऊया की दोन दिस."

दाजी म्हणलं, "सीमेवर पाठ दावली न्हाई, आता मटणाला दावू?"

"मंग उसनंपासनं काढा."

"त्ये आजून मोठं पाव्हणं. एकदा आलं की जात न्हाईत."

तीन-चार दिस माणसाच्या तोंडाला चव न्हाई. आन एका सांजंला त्या खिडकीखाली बातम्या आयकता आयकता दाजींच्या डोक्यात उजेड पडला. नेमिनाथाच्या घरी जत्रंला पाव्हणं किती? मोजकं. येत्यात, देवाला जात्यात, पोळी खात्यात, दुपारच्याला परत. का? तिथं मटण न्हाई. मटण न्हाई म्हणून पाव्हणा न्हाई, पाव्हणा न्हाई म्हणून खर्च न्हाई, आन इज्जत बी शाबूत. आता दाजी जैन तर होऊ शकत न्हाईत. पर माळकरी?

माळ घ्यायची तर म्हाराजांच्या हातनं घ्यावी, नेम समजून घ्यावं, मन तयार करावं. दाजींनी सांगलीत देवळाबाहीर टपरीवर घेतली, ती बी घासाघीस करून. घरी आलं, आरशात बघून घातली, सृष्टीकडनं फोटू काढून घेतला आन सगळ्या ग्रुपवर टाकला, 'रामकृष्णहरी. आजपासनं मांसाहार बंद. जत्रंला अगत्य येणे, जेवण साधे.' मला बी आला हुता. मला वाटलं चेष्टा हाय. मटणासाठी रात्रीत दोन गावं पालथी घालणारा ह्यो गडी, कोण खरं मानंल? पर बाकीच्यांनी मानलं. हात जोडल्यालं, फुलं वाहिल्यालं, नुसती रांग लागली मोबाईलवर, आन दाजी एकेक बघून अक्काला म्हणायचं, "ह्यो गळाला. ह्यो बी गळाला. अर्धा किलो वाचलं बग."

अक्का म्हणली, "आवं, माळ घालायची आसती, काढायची नसती."

"महिन्यानं बघू. इसरत्यात लोक."

तर खारा दिवस उजाडला. नेहमीचं मटणवालं पाव्हणं खरंच गळालं. मी एकटाच येडा, चेष्टा हाय म्हणून गेलेला. पैल्या पंगतीला मी, माझी बायकू आन दाजींचा एक बहिरा मामा. दाजी खुशीत. आन माझ्या ताटातली आमटी संपतीया न संपतीया तवर दारात एक टमटम यिऊन थांबली. त्यातनं उतरली मनुमावशी, दाजींची मावशी, जन्माची माळकरी. तिच्या मागनं एक आजोबा. त्येंच्या गळ्यात माळ. मागनं आणखी दोघं. माळ. मागनं एक जाड बाई, त्येंची माळ पदराखाली, पर हुती. मनुमावशीनं दाजींच्या तोंडावरनं हात फिरवला आन म्हणली, "कृष्णाता, सोनं झालं रं जन्माचं. चाळीस वर्सं जत्रंला येतीया ह्या गावात, पर सुखाचा घास न्हाई. सगळ्यांच्यात एका कोपऱ्यात वेगळी चूल, बटाट्याची भाजी, आन त्यात मटणाचा चमचा बुडालाय का काय म्हणून जीव धाकधूक. आवंदा पोटभर जेवणार मी. आन सगळ्यांस्नी सांगितलंय, आता आपलं हक्काचं घर झालं."

सगळ्यांस्नी सांगितलंय! ह्ये दाजींच्या ध्यानातच आलं न्हवतं. मटण खाणारं पाव्हणं जत्रंला हजार घरं फिरतील, पर पंचक्रोशीतल्या समद्या माळकऱ्यांस्नी त्या गावात एक बी घर न्हवतं, आन आता एक झालं हुतं. मंग काय इचारता. वरच्या आळीतल्या रविराजनं आपलं सासरं धाडलं, "तुमच्यातच बरं वाटंल त्यास्नी." सरपंचाचं व्याही आलं. भजनी मंडळच्या मंडळ आलं, पेटीसकट. नेमिनाथाकडचं पाव्हणं बी म्हणलं, तिकडं भजन हाय तर आपुन बी तिकडंच बसूया. बघता बघता अंगण भरलं, ओटा भरला, गोठ्याच्या कडंला चादर टाकली. जो येतोय त्यो दाजींच्या पाया पडतोय, आन दाजींचा चेहरा पाक उतरलाय. घरात काय हुतं? दोन किलो भेंडी. त्यातली अर्धी माझ्या पोटात.

दाजी गप आत गेलं. आता ह्ये अक्कानं सांगितलेलं हाय. कपाट उघडलं, शालू उचलला, पाकीट काढलं. बाजारला माणूस पाठवायचा, डाळ, गूळ, तूप आणायचं, दुसरा रस्ता न्हाई. दारातनं मनुमावशीसारखी म्हातारी उपाशी गेली तर जगून काय उपेग? पर हात काय पाकीट उघडंना. सृष्टी दारात हुबी हुती. ती म्हणली, "घ्या पप्पा. मी पुढच्या साली बसंन परीक्षेला." यवढंच म्हणली पोरगी, रडली न्हाई का काय न्हाई. आन तुमाला सांगतो, बर्फात राखण केलेला माणूस, कधी हू का चू केलं न्हाई, त्यो पाकीट हातात धरून पलंगाच्या कडंला बसला. लय वंगाळ वाटलं म्हणं अक्काला.

तवर परसदारातनं हाक आली, "भाऊजी, ह्ये पीठ कुठं ठेवू?"

नेमिनाथाची बायकू, चंदनबाला वैनी. डोक्यावर पिठाचं घमेलं, मागनं नेमिनाथ, त्याच्या खांद्यावर अर्धं पोतं हरभऱ्याची डाळ. वैनी म्हणली, "आमचं पाव्हणं तुमच्या पंगतीला बसल्यावर माझी चूल घरी कशाला पेटवू? पुरण हितंच शिजवूया." त्येंचं बघून रविराजच्या घरनं गुळाची ढेप आली. ज्याचा पाव्हणा त्याचा शिधा, आसं कुणीतरी म्हणलं, आन मंग कोण तूप, कोण तांदूळ, सरपंचाच्या घरनं तर वांग्याची आख्खी पाटी. बायका कमरा खोचून बसल्या. मला पाणी वाढाय लावलं, माझ्या बायकुला पोळ्या लाटाय. अक्कानं दाजींच्या हातातनं पाकीट काढून घेतलं, शालूखाली ठेवलं आन कपाटाची किल्ली स्वोताच्या कमरंला लावली.

पंगत काय झाली म्हणता! मनुमावशीनं किती पोळ्या खाल्ल्या त्या मी मोजल्या न्हाईत, पाप लागंल. फकस्त एकच भानगड झाली. दुपारच्याला वारं फिरलं. रविराजच्या परड्यात चुलीवर मटणाची डेग चढलेली, आन त्यो वास, भाजल्या खोबऱ्याचा, तिखटाचा, सुटला त्यो सरळ आमच्या अंगणात. मी बघितलं दाजींकडं. हातात पुरणपोळी, डोळं मिटल्यालं, आन गालावरनं घळाघळा पाणी. भजनी मंडळाचं बुवा शेजारच्याला म्हणलं, "भाव बगा माणसाचा. नवी माळ हाय, पर डोळ्याला धार लागलीया." आन समदं हात जोडून त्येंच्याकडं बघाय लागलं. मी तिकडं तोंड करून पाणी वाढत राह्यलो, न्हाईतर हसून सांडलं आसतं. दाजी म्हंजे दाजीच.

सोमवारी दाजी स्वोता सांगलीला गेलं, फी भरली, पावती खिशात घालून आलं. येताना वाटंत तिघांनी पाया पडून घेतलं. गावानं बैठकीत ठरवलं की हितनं पुढं दर जत्रंला माळकऱ्यांची पंगत कृष्णाताच्या दारात, शिधा ज्याचा त्याचा. म्हंजे जत्रा फुकटात, इज्जत दुप्पट. फकस्त गळ्यातली माळ हलवायची न्हाई.

परवा मी फोन केला तवा दाजी लय हळू आवाजात बोललं. "उदयसिंह, तुझ्या अक्काला इचारलं मी, सृष्टीचं कॉलेज संपलं की काढू का म्हणून."

मी म्हणलो, "मंग? काय म्हणली?"

"चार वर्सांचं हाय त्ये. ती म्हणली, चार वर्सं निघतील, मंग जयराजचं बघू."

जयराज म्हंजे त्येंचा धाकटा. आत्ता सहावीत हाय, आन त्याला डाक्टर व्हायचंय.