पदराआडून धरलेला नेम

हसू नका, पण आमच्या वहिनीने पहिली बंदूक चालवली ती तोंडावर पदर ठेवूनच.

सारंगखेड्याच्या आसपास दरोडे वाढले, तेव्हा पलटणीतून परतलेल्या आमच्या चुलत काकांनी बायकांसाठी बंदुकीचा वर्ग काढला. दादा कामाला परगावी आणि आमचं घर दूर मळ्यात, म्हणून वहिनीला शिकायचंच होतं. अडचण एकच होती. काका तिचे चुलत सासरे. त्यांच्यापुढे तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचंही नाही.

पहिल्या दिवशी नेमासाठी ठेवलेल्या मडक्याला एकीचीही गोळी लागेना. डावा डोळा मिटायला गेल्या की बायकांचे दोन्ही डोळे मिटत. काका आधीच वैतागले होते, त्यात वहिनी पदर ओढून पुढे आली.

"पदर वर कर, नहीतं घर जाय!"

वहिनी सोबतीला आलेल्या माझ्या कानात कुजबुजली. मला परक्यांपुढे बोलायची लाज वाटते, तरी सगळ्या बायकांसमोर मोठ्याने सांगावं लागलं, "काका, वहिनी म्हनस, मी घर जावाव नही."

"आनि तिले मडकं दिखस का?"

डाव्या डोळ्यावरून पदर खाली ओढून वहिनीने दातांत घट्ट धरला, उजवा डोळा तेवढा मोकळा ठेवला आणि घोडा दाबला. मडक्याची खापरं उडाली.

काका बाकीच्या बायकांकडे वळून ओरडले, "देखी काय ऱ्हायन्यात? सम्द्याजनी एक डोळावर पदर ल्या!"