शेवटच्याने फाटक लावायचं

(द्राक्षमळ्यातून नदीकडे उतरणारी वाट. दुपार कलली आहे. पुढच्या सायकलवर मोठी बहीण, मागच्या सायकलवर धाकटा भाऊ.)

ताई : फाटक लावलंस ना रे ढब्बू?

ढब्बू : हो.

ताई : मग ओरडला का नाहीस? शेवटच्याने फाटक लावायचं आणि 'मागे कोणी नाही' असं ओरडायचं. नाहीतर पुढच्याला कळणार कसं, सगळे आत आले की नाही ते? रानडुकरं शिरली तर मळेवाला उद्यापासून सायकलवाल्यांना दारातही उभं करणार नाही.

ढब्बू : दम लागलाय गं. होती नव्हती ती हवा चढावर संपली. वाइनवाल्याकडे थांबायचं का? पिंपांचा वास इथपर्यंत येतोय.

ताई : पिऊन सायकल चालवलीस तर थेट नदीत जाशील. चल पुढे. खिट्टी मात्र छान पाडलीस हो. ते फाटक लोंबलंय, पायाने उचलल्याशिवाय बसत नाही. आधी ठक्, मग उचललं की परत ठक्. तुला कोणी शिकवलं?

ढब्बू : कोणी नाही. जमलं.

ताई : आजवर एकट्या त्यालाच जमायचं.

ढब्बू : भावोजींना काय, सगळंच जमायचं. पोहणं सोडून.

(ताईची सायकल एकदम हळू होते.)

ढब्बू : चुकलं ताई. तोंडातून निघून गेलं.

ताई : जाऊ दे. वर्षभर सगळे माझ्यासमोर जीभ चावून बोलतायत. तू तरी सरळ बोल. नदीने त्याची सायकल परत दिली, त्याला नाही दिलं. डोळ्यांनी पाहिलं असतं तर बसले असते रडत. पाहिलंच नाही, तर रडू कोणासाठी?

ढब्बू : म्हणून रात्री दाराला कडी लावत नाहीस. आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही त्यापायी.

ताई : शब्द दिलाय ना तुला? त्याची ही फेरी आज पुरी करायची. नदीकाठ, मळे, परत पूल. कुठेच भेटला नाही, तर आजपासून कडी लावीन आणि सोमवारी शाळेत हजर होईन.

ढब्बू : मग मार पाय. ऊन उतरायच्या आत पूल गाठू.

ताई : मारतेय. पण तू एवढा कडेने का चालवतोयस? तारेत अडकशील.

ढब्बू : वाट या कडेला कललीय.

ताई : वाट कुठेच कललेली नाही. मला हँडलच्या आरशात दिसतंय सगळं. कोणाला जागा देतोयस?

ढब्बू : कोणाला देणार?

ताई : आणि ही चेन कोणाची करकरतेय? सकाळी तर दोन्ही सायकलींना तेल घातलंस.

ढब्बू : वाळू गेली असेल.

ताई : थांब जरा.

ढब्बू : नको ताई, चालव. इथे नको थांबायला.

ताई : मी थांबले. तूही पाय टेक. हां. ऐकलंस? आपण थांबलो, त्यानंतरही चेन वाजली. मग थांबली.

ढब्बू : मागे बघू नकोस.

ताई : आरशात बघतेय. मागे वाट आहे, वेली आहेत, आणि तू आहेस, पांढराफटक पडलेला. काय झालंय?

ढब्बू : ते फाटक मी लावलंच नव्हतं. विसरलो. बराच पुढे आलो, तर मागून खिट्टी वाजली. दोनदा. तेव्हापासून कोणीतरी माझ्या मागे आहे. माझ्याएवढ्याच वेगाने. मी हळू झालो की तोही हळू होतो.

ताई : आणि मला आत्ता सांगतोयस?

ढब्बू : काय सांगू? वर्षभर मीच तुला वेड्यात काढलं. आईसमोर म्हणालो, ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आता कुठल्या तोंडाने सांगू?

ताई : मला भीती नाही रे वाटत. आनंद होतोय. इतका होतोय की नदीकडे वळावंसं वाटतंय.

ढब्बू : म्हणूनच म्हणतो, चल. हात जोडतो तुला. पूल समोर दिसतोय.

ताई : चल.

ढब्बू : बोलत राहा. गप्प झालीस की तीच चेन ऐकू येते.

ताई : काय बोलू? सुंदर आहे नदी. त्याला म्हणायचे, तुला माझ्यापेक्षा हीच जास्त आवडते. तर हसायचा नुसता. आलं बघ शेवटचं फाटक. तू हो पुढे. हे मी लावते.

ढब्बू : कुठल्या बाजूने?

ताई : म्हणजे?

ढब्बू : इकडे येऊन लावणार, की तिकडेच राहून?

ताई : पुढे हो, ढब्बू.

ढब्बू : नाही होणार. आईला काय सांगू? जावई नदीने नेला आणि लेक मीच सोडून आलो, असं सांगू?

ताई : त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत. निरोपसुद्धा घेतला नव्हता त्या दिवशी. डबा विसरलास म्हणून भांडले होते फक्त. जा. वळून बघू नकोस.

ढब्बू : मोठ्याने बोल मग. मला ऐकू आलं पाहिजे.

ताई : येईल. (फाटकाकडे वळून) ऐकतोयस ना रे तू? वर्षभर दार उघडं ठेवलं तुझ्यासाठी. आईची झोप गेली, माझी गेली. शाळेतल्या पोरांना दुसऱ्या बाईंची सवय झाली. मला परत जायचंय त्यांच्याकडे. पण तू 'चल' म्हणालास, तर मला 'नाही' म्हणता येणार नाही, तुला माहितीये ते. म्हणून माझ्यावर नको टाकूस. तूच ठरव.

ढब्बू : ताई?

ढब्बू : ताई, बोल ना. खिट्टी पडली. दोनदा वाजली. कुठे आहेस तू?

ताई : इथे, तुझ्या मागेच. वळ आता. डोळे पूस आधी.

ढब्बू : लावलंस फाटक?

ताई : मी नुसता हात पुढे केला होता. त्यानेच लावलं, पलीकडून.